इस्टेट एजंटने आणलेला लोनवाला

प्रिय ताई,
आम्ही भांडुपला भाड्याने राहतो. मुलुंड पूर्वेला एक वन बीएचके पसंत पडलाय. रिसेलचा आहे, ९५ लाखांना ठरतोय. इमारत १९८६ची, सोसायटी रजिस्टर्ड आहे. ५१ हजार टोकन दिलं, करारनामा अजून व्हायचाय. ६५ लाखांचं कर्ज लागेल. मिस्टर ३८ वर्षांचे, विक्रोळीला कंपनीत आहेत, हातात ७२ हजार येतात. मी घरी शिकवण्या घेते, महिन्याचे २५ हजार होतात. निम्मे रोख येतात, त्यामुळे रिटर्नमध्ये वर्षाला दीड लाखच दिसतात. रिटर्न दोन वर्षं भरतेय. इस्टेट एजंटने त्याचा एक लोनवाला घरी आणला होता. म्हणाला, सिबिल-बिबिल मी बघतो, तुम्ही फक्त फाइल द्या. १५ हजार ‘फाइल चार्ज’ आधी मागतोय. वर म्हणतो, वहिनींचा रिटर्न वाढवून बनवून देतो. मिस्टर म्हणतात सरळ बँकेत जाऊ. दीर म्हणतात, बँकेत कोण विचारतंय, एजंटशिवाय काम होत नाही. चांगला एजंट ओळखायचा कसा? शिवाय एजंट म्हणतो, घर दोघांच्या नावावर घ्या. ते बरोबर आहे का?
म. स., भांडुप

सगळ्यात आधी दोन गोष्टी, बाकीचं सावकाश बोलू. ते १५ हजार देऊ नका. आणि रिटर्न ‘बनवून’ घेऊ नका, माणूस कितीही गोड बोलला तरी.

दुसऱ्या गोष्टीवर जरा थांबते, कारण अशा फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. बँकेच्या कर्ज विभागात असताना शिकवणीचं उत्पन्न एका वर्षात तिप्पट झालेला रिटर्न समोर आला, की आम्ही आधी तो भरल्याची तारीख बघायचो. टोकन दिल्यानंतर आठ दिवसांनी भरलेला रिटर्न काय सांगतो, हे कळायला सीए व्हावं लागत नाही. मग तपासणीवाला घरी जायचा. तो ‘किती कमावता’ असं विचारतच नाही. संध्याकाळी क्लासच्या वेळेला येतो, दाराबाहेरच्या चपला बघतो, फळा कुठे आहे, मुलं कुठल्या इयत्तेची, बॅच किती, फी किती, असं गप्पा मारल्यासारखं विचारतो आणि जाताना शेजारचं दार वाजवून ‘इथे क्लास चालतो ना?’ म्हणून खात्री करून घेतो. बारा मुलं असतील तर बारांचाच हिशेब त्याच्या कागदावर चढतो. खोटा कागद सापडला तर कर्ज तर जातंच, पण फसवणुकीचं प्रकरण होतं ते तुमच्या सहीवर. लोनवाल्याची सही त्या रिटर्नवर कुठेच नसते.

यातली गंमत अशी, की तुमचं खरं उत्पन्न दाखवलंत तरी काही बिघडत नाही. वर्षाला ३ लाखांवर नव्या कररचनेत कर लागतच नाही. मग अर्धं लपवून मिळालं काय? या वर्षीचा रिटर्न पूर्ण आकड्याचा भरा. पालकांना सांगा, फी आता एकाच खात्यात, यूपीआयने पाठवा. सहा महिन्यांचं असं स्वच्छ पासबुक बनवलेल्या रिटर्नपेक्षा जास्त कामाला येतं.

आता तुमच्या आकड्यांकडे बघू. हे काम खरं तर त्या लोनवाल्याने पहिल्या भेटीत करायला हवं होतं. उदाहरण म्हणून व्याज ८ टक्के धरा. ६५ लाखांना २० वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे ५४,४०० रुपये. हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण ५० ते ६० टक्क्यांपर्यंत हप्ता गेला तर बँका चालवून घेतात. मिस्टरांचे ७२ हजार आणि रिटर्नप्रमाणे तुमचे साडेबारा हजार मिळून साडेचौऱ्याऐंशी हजार होतात. यात मला ५५ लाखांच्या आसपास कर्ज बसताना दिसतं. तुमचे पूर्ण २५ हजार धरले गेले तर ६५ लाख जेमतेम बसतील. दुसरा एखादा हप्ता चालू असेल, गाडीचा, मोबाइलचा, तर तेही नाही. म्हणजे प्रश्न दहा लाखांच्या फरकाचा आहे. चांगला एजंट हे तुम्हाला तोंडावर सांगतो. ‘होऊन जाईल’ म्हणणारा सांगत नाही, कारण त्याला घाई आहे.

घाई का आहे, तेही समजून घ्या. लोन एजंटला बँकेच्या भाषेत डीएसए म्हणतात. स्टेट बँकेत त्यांनाच होम लोन कौन्सिलर म्हणतात. त्यांचं कमिशन, म्हणजे पेआउट, बँक देते. कर्जाचा चेक निघाला की कर्जाच्या रकमेवर काही टक्के. कर्ज मोठं तर पेआउट मोठा, कर्ज झालंच नाही तर शून्य. म्हणून कोणताही एजंट ‘अहो, तुम्ही कमी कर्ज घ्या’ असं आपणहून म्हणणार नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, त्याचा धंदा आहे. पण बँक पैसे देत असताना ग्राहकाकडून आगाऊ ‘फाइल चार्ज’ कशाचा? बँकेची प्रोसेसिंग फी असते, ती बँकेच्या नावाने जाते, पावती मिळते. एजंटच्या जीपेवर गेलेल्या पैशाला पावतीही नाही आणि परतीची वाटही नाही.

तुमच्या इस्टेट एजंटने आणलेल्या माणसाचं गणित आणखी एका पायरीने वाढतं. ज्याच्याकडे स्वतःचा कोड, म्हणजे बँकेने दिलेला एजंटचा नंबर, नसतो, तो दुसऱ्या डीएसएला गिऱ्हाईक जोडून देतो. धंद्यात त्याला कनेक्टर म्हणतात. पेआउटमधला थोडा वाटा त्याला मिळतो, आणि बऱ्याचदा इस्टेट एजंटलाही मिळतो. शिवाय इस्टेट एजंटची दलाली सौदा होण्यावर अडकलेली असते. म्हणजे तुमच्या घरी चहा घेऊन गेलेल्या दोघांनाही हा फ्लॅट, याच महिन्यात, जास्तीत जास्त कर्जावर व्हायला हवा आहे. कागदात काही खोट निघाली तर ‘थांबा’ म्हणणारं त्या दोघांत कोणी नाही. म्हणून मी त्याला नको म्हणते. माणूस वाईट असेलच असं नाही.

एक फरक लक्षात ठेवा. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडे, नोंदलेल्या प्रोजेक्टमधली घरं विकणाऱ्या इस्टेट एजंटला महारेराची नोंदणी लागते, नंबर असतो, तो तुम्ही तपासू शकता. लोन एजंटला तसा सरकारी परवानाच नाही. कोणी ‘आरबीआय मान्यताप्राप्त’ असं कार्ड पुढे केलं तर ते कार्ड गोड हसून परत द्या. त्याच्याकडे असतो तो बँकेने दिलेला कोड, आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेची असते. तेव्हा त्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमचा स्वतःचा कोड कोणकोणत्या बँकांचा आहे, आणि माझी फाइल कुणाच्या कोडवर लॉगिन, म्हणजे बँकेत दाखल, होणार? उत्तर मिळालं की त्या बँकेच्या शाखेत फोन करून एजन्सीचं नाव खरं का, ते विचारा. बऱ्याच बँका अधिकृत एजन्सींची यादी आपल्या वेबसाइटवरही ठेवतात. या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याकडे कोड नसतो.

आता मिस्टरांचं म्हणणं. दोघांचा पगार खात्यात, नवी इमारत, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र हातात, बिल्डरचा प्रोजेक्ट बँकेने आधीच मंजूर केलेला, असं असतं तर मीही म्हटलं असतं, ज्या बँकेत पगार येतो तिथेच जा, एजंटचं कामच नाही. व्याजाचा दर एजंटमुळे कमी होत नाही. तो ठरतो तुमच्या सिबिलवर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, नोकरीवर, कर्जाच्या रकमेवर. पण तुमच्या केसमध्ये दोन गाठी आहेत. एक, तुमचं उत्पन्न. दुसरी, १९८६ची इमारत. या दोन गाठी सोडवायला जाणकार माणूस उपयोगी पडतो. म्हणून दिरांचंही अगदीच चुकत नाही. मात्र पगाराच्या बँकेत चक्कर टाकाच. तिथे काय मिळतंय ते कळलं की एजंटशी बोलताना तुमच्या हातात एक आकडा असतो.

इमारतीचं सविस्तर सांगते, कारण मुंबईत रिसेलची निम्मी कर्जं माणसावर नाही, इमारतीवर अडकतात, असा माझा अनुभव. बँक दोन माणसं पाठवते. वकील कागद बघतो, व्हॅल्युअर इमारत बघतो. वकिलाला बिल्डरकडून पहिल्याने घेतल्यापासून आजपर्यंतचे सगळे करारनामे एकामागोमाग हवे असतात, प्रत्येकावर पुरता मुद्रांक, शेअर सर्टिफिकेटवर प्रत्येक मालकाची नोंद. मधला एक मूळ करारनामा हरवलेला असेल तर पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, असे सोपस्कार निघतात, आणि काही बँका तेवढ्यावरही तयार होत नाहीत. व्हॅल्युअर बघतो की इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीला पुरतं का. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमची तर कधीच तिशी ओलांडून गेली. तो रिपोर्ट सोसायटीकडे आहे का, त्यात इमारत दुरुस्तीजोगी म्हटलीय की आणखी काही, हे आजच विचारा. आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत का तेही. विकणारा ‘लवकरच रिडेव्हलपमेंट होणार’ हे तुम्हाला आनंदाची बातमी म्हणून सांगतो, पण त्याच बातमीवर बँक हात आखडता घेऊ शकते.

इथेच एजंट शोधायची माझी आवडती युक्ती. जस्ट डायलवर शोधू नका, एकदा नंबर टाकलात की महिनाभर फोन वाजत राहतो. त्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जा. कर्जावर घेतलेल्या फ्लॅटवर बँकेचा बोजा सोसायटीच्या दप्तरी नोंदवलेला असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत इथे कुणी कर्जावर घर घेतलंय आणि कुठल्या बँकेचं, एवढंच विचारा. ज्या बँकेने अलीकडे त्याच इमारतीवर कर्ज दिलंय, तिच्या वकिलाने आणि व्हॅल्युअरने ती इमारत पाहिलेली आहे. मग त्या घरी जाऊन विचारा, काम कुणी करून दिलं, रजिस्ट्रेशनच्या दिवशी तो हजर होता का, नंतर फोन उचलतो का. असा एक माणूस सापडला तर तो शंभर जाहिरातींपेक्षा बरा. दुसरी जागा म्हणजे तुमच्या शिकवणीच्या मुलांचे पालक. त्यांच्यात कुणी ना कुणी मुलुंड-भांडुप पट्ट्यात नुकतं घर घेतलेलं असणारच.

असे दोघे मिळाले की दोघांनाही भेटा आणि तुमची केस सारख्याच शब्दांत सांगा. मग गप्प बसून ऐका. चांगला माणूस उलट प्रश्न विचारतो: रिटर्न किती वर्षांचे, इमारतीची ओसी आहे का, चेन, म्हणजे आधीच्या करारनाम्यांची साखळी, पूर्ण आहे का, विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज चालू आहे का, आधीचा कुठला हप्ता उशिरा गेलाय का. दोन वर्षांच्या रिटर्नवर कुठली बँक घेते आणि तीन वर्षं कुठली मागते, हे त्याला तोंडपाठ असतं. हलका माणूस आधी फाइल मागतो.

तो हाउसिंग फायनान्स कंपनीचं नाव सुचवेल, ती शक्यता मोठी आहे. लगेच नाही म्हणू नका. रोखीचं उत्पन्न स्वतः येऊन तपासून धरणाऱ्या आणि जुन्या इमारतींना हात लावणाऱ्या या कंपन्याच जास्त. पण त्यांचा पेआउट सहसा बँकेपेक्षा जास्त असतो, आणि दरही चढा. शिवाय बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या घरच्या पट्टीवर हलतो. नुसत्या अर्ध्या टक्क्याने, ८च्या जागी ८.५ झाले, तर ६५ लाखांवर हप्ता दोन हजारांनी वाढतो. २० वर्षांत पावणेपाच लाखांच्या वर जातात. म्हणून त्याला सरळ विचारा, बँकेत का नाही बसत? कारण पटलं तर पुढे. मला विचाराल तर तो दहा लाखांचा फरक महाग कर्जाने भरण्याआधी मिस्टरांच्या पीएफमधून घरासाठी किती काढता येतात ते बघा.

सिबिल ‘मी बघतो’ म्हणणाऱ्याला बघू देऊ नका, तुम्हीच बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दोघांचेही काढा. न घेतलेलं कर्ज किंवा बंद केलेलं क्रेडिट कार्ड चालू दिसत असेल तर अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. एजंटला हेही बजावा, की मला विचारल्याशिवाय एकही फाइल लॉगिन करायची नाही. काही जण एकाच दिवशी चार-पाच ठिकाणी फाइल टाकतात, जिथे लागली तिथे लागली. प्रत्येक ठिकाणची चौकशी तुमच्या रिपोर्टवर उमटते, आणि पाचवी बँक विचारते, आधीच्या चौघांनी का नाही दिलं? एका वेळी एक, फार तर दोन.

कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही, एवढं दोघांनीही पाळा. रकमेचा, मुदतीचा, व्याजाच्या प्रकाराचा रकाना भरलेला दिसला की मगच पेन उघडा. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी’ असं तारखेसह लिहून सही करा. आधार द्यायचं तर पहिले आकडे झाकलेलं. चेक फक्त बँकेच्या नावाने. ओटीपी तर आपल्या दिरांनाही नाही.

मंजुरीपत्र आलं की त्याबरोबर केएफएस मागा. हे कर्जाचं सगळं गणित साध्या तक्त्यात मांडलेलं पत्रक आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जाबरोबर ते द्यावंच लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एपीआर म्हणून दिलेला असतो, आणि त्यात न लिहिलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. दोन ठिकाणचे केएफएस शेजारी ठेवून एपीआरची ओळ बघा. कोण स्वस्त हे एजंटला विचारावं लागणार नाही. त्याच तक्त्यात विम्याची ओळ शोधा. कर्जाबरोबर एकरकमी विमा ‘करावाच लागतो’ असं सांगतात आणि लाख-दीड लाखांचा हप्ता कर्जातच मिळवतात, म्हणजे त्यावरही २० वर्षं व्याज. विमा हवाच, कमावत्या माणसावर एवढं कर्ज असताना तो असलाच पाहिजे, पण तो मिस्टरांच्या नावाने वेगळा टर्म प्लॅन घेऊन. त्याच कंपनीचा, तसाच घ्या, अशी सक्ती नसते. बँकेने किंवा तिच्या एजंटने फारच दांडगाई केली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

या आठवड्यात करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र एजंटचं नाहीच. करारनामा व्हायचाय म्हणालात. त्यात वकिलाकडून एक कलम घालून घ्या: फ्लॅटच्या किंवा इमारतीच्या कागदांमुळे कर्ज नामंजूर झालं तर टोकनसकट सगळी रक्कम ठरलेल्या दिवसांत परत. विकणारा कुरकुर करेल, करू द्या. कर्ज मंजूर व्हायला लागणारा वेळही त्यात मोकळा धरा. आणि मंजुरी हातात येईपर्यंत टोकनवर आणखी पैसे चढवू नका, इस्टेट एजंट ‘दुसरी पार्टी तयार आहे’ म्हणाला तरी. हाताशी रोकड किती लागेल तेही मोजा. मुद्रांक ६ टक्क्यांनी ५ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार, वर दलाली, सोसायटीचं ट्रान्सफर, वकील. हे कर्जात धरत नाहीत. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा आहे, तो विसरलात तर नोटीस तुम्हाला येते.

राहिला नावाचा प्रश्न. एजंट ‘दोघांच्या नावावर घ्या’ म्हणतो ते बँकेच्या सवयीने. घर फक्त तुमच्या, म्हणजे बाईच्या, नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. तुमच्या केसमध्ये ९५ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती सवलत जाते. अशा वेळी मिस्टर मालक नसताना सहकर्जदार राहू शकतात का, हे मंजुरीआधी बँकेकडून लेखी विचारून घ्या, कारण प्रत्येक बँकेचा नियम वेगळा आहे आणि तुमचं कर्ज मुळात त्यांच्याच पगारावर उभं आहे. जुन्या कररचनेत त्यांना व्याजाची वजावट घ्यायची असेल तर मालकीत नाव लागतं, नव्या रचनेत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. मिस्टर कुठल्या रचनेत आहेत ते त्यांच्या ऑफिसच्या फॉर्म १६ वर दिसेल. ते बघा आणि मग करारनाम्यात नावं घाला, कारण एकदा रजिस्टर झाल्यावर नाव बदलायचं तर पुन्हा दस्त आणि पुन्हा खर्च.